गुड नाईट, सर : मायनार्स्कीचं विमान

उत्तरवारा | ९ जून, रात्री ९.४०

आम्ही कॅनडात मिसिसागा सोडून हॅमिल्टनच्या बाजूला राहायला आलो, त्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. शनिवार होता. बायको मागच्या अंगणात पापड वाळत घालत होती आणि मी तिच्या हाताशी होतो. लांबून एक घुमारा यायला लागला. विमानतळ जवळ, त्यामुळे विमानांची सवय झालेली, पण हा आवाज वेगळा होता. जात्याच्या घरघरीसारखा जाड, कानाआधी छातीत कळणारा. मग झाडांच्या शेंड्यांवरून ते आलं. चार पंखे, शेपटीला दोन उभी सुकाणू, काळंकुट्ट पोट आणि कुशीवर लाल अक्षरं : व्हीआर-ए.

शेजारचे आजोबा कुंपणापाशी टोपी काढून उभे होते. विमान दिसेनासं झालं तेव्हाच त्यांनी टोपी परत डोक्यावर घातली. म्हणाले, "मायनार्स्कीचं विमान."

मी विचारलं, पायलट होता का?

"नाही. गनर, विमानातली मशीनगन चालवणारा. आणि हे विमान त्यानं कधी पाहिलंही नाही."

पुढच्याच आठवड्यात मी माउंट होपच्या कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज म्युझियममध्ये गेलो. ते विमान म्हणजे लँकेस्टर, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश बॉम्बर. जगात आज उडणारी लँकेस्टर दोनच उरली आहेत, एक इंग्लंडमध्ये आणि एक इथे. इथलं १९४५ साली बांधलेलं. कुठे? तर माल्टनला, व्हिक्टरी एअरक्राफ्टच्या कारखान्यात. आम्ही दर रविवारी ज्या माल्टनला किराणा आणि ताजी मेथी आणायला जायचो, तेच माल्टन. तिथे ४३० लँकेस्टर बांधली गेली. गाडी लावायला जागा शोधत मी तिथे शंभर वेळा फिरलो असेन, मला पत्ता नव्हता.

म्युझियमनं हे विमान वर्षानुवर्षं खपून दुरुस्त केलं, १९८८ साली ते पुन्हा उडालं. त्यावर अक्षरं आणि क्रमांक मात्र दुसऱ्याच एका विमानाचे, मायनार्स्की ज्यात होता त्याचे, रंगवले : केबी ७२६, व्हीआर-ए. ते विमान १३ जून १९४४ च्या पहाटेआधी उत्तर फ्रान्समध्ये पडलं. आता १३ जून जवळ आला आहे, म्हणून हा धागा.

अँड्र्यू मायनार्स्की कॅनडातल्याच विनिपेगचा. आईवडील पोलंडहून आलेले. वडील लवकर गेले, तेव्हा सोळाव्या वर्षी हा कातडी कामाला लागला. १९४१ मध्ये हवाई दलात भरती झाला, गनर झाला आणि इंग्लंडमध्ये मिडलटन सेंट जॉर्जच्या तळावर ४१९ स्क्वाड्रनमध्ये पोचला. लँकेस्टरवर सातजण असत. त्यातला हा विमानाच्या पाठीवरच्या काचेच्या टरेटमध्ये, म्हणजे बंदुकीच्या फिरत्या घुमटात, बसणारा. शेपटीच्या टोकाच्या टरेटमध्ये पॅट ब्रॉफी. दोघांची घट्ट मैत्री. ब्रॉफी अधिकारी आणि हा नाही, त्यामुळे राहायची व्यवस्था वेगळी. रात्री निरोप घेताना अँडी मुद्दाम ताठ उभा राहायचा, सॅल्यूट ठोकायचा आणि म्हणायचा, "गुड नाईट, सर." मित्रामित्रांतली थट्टा.

१२ जूनच्या रात्री त्यांची तेरावी मोहीम होती. नॉर्मंडीत दोस्तांचं सैन्य उतरून सहाच दिवस झाले होते. जर्मन कुमक रेल्वेनं पोचू नये म्हणून कांब्रेचं रेल्वे यार्ड फोडायचं होतं. उड्डाणाआधी सगळे गवतात बसले होते. मायनार्स्कीला चार पानांचं क्लोव्हर सापडलं. तिकडे ते शुभ मानतात. त्यानं ते ब्रॉफीला देऊन टाकलं.

फ्रान्सवर युंकर्स ८८ या जर्मन लढाऊ विमानानं खालून येऊन गोळ्या घातल्या. डावीकडची दोन्ही इंजिनं गेली, पंख पेटला आणि विमानाच्या आत, दोन गनरांच्या मधोमध, हायड्रॉलिक तेलाची आग लागली. पायलट आर्ट दे ब्रेननं उड्या मारायचा हुकूम दिला. पुढचे सगळे पुढच्या झडपेतून गेले. मायनार्स्की आपल्या टरेटमधून उतरून मागच्या दारापाशी आला. उडी मारायची एवढंच बाकी होतं. तेव्हा त्याला ब्रॉफी दिसला.

ब्रॉफीचा टरेट अर्धवट वळलेल्या जागी अडकला होता. तो फिरायचा हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबावर, आणि हायड्रॉलिक तर जळत होतं. हातानं फिरवायची मूठ होती, तीही तुटून हातात आली. मायनार्स्की दार सोडून गुडघ्यांवर रांगत आगीतून मागे गेला. कुऱ्हाडीनं घाव घातले. मग कुऱ्हाड टाकून नुसत्या हातांनी ओढलं. कमरेखालचे कपडे पेटले होते. ब्रॉफी काचेआडून ओरडत होता, हातानं खुणावत होता, जा, परत जा. अखेर तो निघाला, पण पाठ फिरवून नाही. ब्रॉफीकडे तोंड ठेवून, आगीतूनच मागे मागे सरकत. दारापाशी पोचल्यावर पेटलेल्या कपड्यांनिशी ताठ उभा राहिला, सॅल्यूट केला आणि काहीतरी बोलला. त्या गदारोळात शब्द ऐकू येणं शक्य नव्हतं. ब्रॉफीला मात्र ओठांवरून कळलं.

पॅराशूटही जळत होतं. गावकऱ्यांना तो जिवंत सापडला, पण काही तासांत भाजल्यामुळे गेला. २७ वर्षांचा होता.

आणि ब्रॉफी? विमान जमिनीवर घसरत गेलं, झाडावर आपटलं, शेपटीचा टरेट तुटून बाजूला उडाला. बॉम्ब पोटात असलेल्या त्या विमानातून तो जवळजवळ न खरचटता बाहेर फेकला गेला. फ्रेंच लोकांनी लपवलं. सप्टेंबरमध्ये तो इंग्लंडला परतला. सातांपैकी सहा वाचले.

मला जे सांगायचंय ते इथे आहे. पुढचे पाचजण आधीच गेले होते, मागे काय घडलं ते त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ब्रॉफी त्या टरेटमध्ये मेला असता, आणि मरणारच होता, तर मायनार्स्की म्हणजे 'भाजून मृत्यू' एवढी एक नोंद राहिली असती. पुढे ब्रॉफी आणि दे ब्रेन भेटले, ब्रॉफीनं सांगितलं, दे ब्रेननं पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस, शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान, जाहीर झाला. एका साक्षीदारामुळे.

त्या युद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ विमानकर्मी मेले. कितीजणांनी असंच काहीतरी केलं असेल, आणि बघणारा त्यांच्याबरोबरच गेला असेल? तो आवाज डोक्यावरून गेला की मला मायनार्स्कीपेक्षा ते इतरच जास्त आठवतात.

तुमच्यापैकी कुणी अशा एखाद्या ठिकाणी गेला असाल, कुणाच्या घरी अशी आठवण असेल, तर लिहा.

---

पिंपळपान | ९ जून, रात्री १०.१५

वाचून सुन्न झाले. एक शंका. ब्रॉफीला दारापर्यंत यायची गरजच काय होती? तो जिथे बसला होता तिथूनच उडी मारता येत नव्हती का?

---

जुना तंत्रज्ञ | १० जून, सकाळी ७.०५

पिंपळपान, तशीच मारायची असते. टरेटचं दार पाठीमागे, विमानाच्या आतल्या बाजूला. आत जागा इतकी कमी की अंगावर विजेनं गरम होणारा जाड सूट चढवला की पॅराशूट मावत नाही. म्हणून ते बाहेर, विमानाच्या आत टांगलेलं. हुकूम आला की दार उघडायचं, हात मागे घालून पॅराशूट घ्यायचं, छातीला अडकवायचं, टरेट पूर्ण आडवा फिरवायचा आणि पाठीवर बाहेर पडायचं. यातली फिरवायची पायरीच ब्रॉफीला नाकारली गेली.

मी हवाई दलात तंत्रज्ञ होतो. लँकेस्टरला हात लावला नाही कधी, पण वाचलं बरंच आहे. मागच्या गनरचे हाल फार. उणे ४० पर्यंत थंडी, सात-आठ तास एकटा, बाकी सहाजण लांब पुढे. कित्येकजण समोरची काचच काढून टाकायला लावत. काचेवरचा ओरखडा आणि लांबचं शत्रूचं विमान रात्री सारखंच दिसतं. म्हणजे थेट वाऱ्यात बसायचं.

आणखी एक. लँकेस्टर पाडलं गेलं तर त्यातल्या माणसांपैकी साधारण दहातला एकच वाचत असे. हॅलिफॅक्स या दुसऱ्या बॉम्बरमध्ये प्रमाण त्याच्या दुपटीहून जास्त. फ्रीमन डायसन, पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून नावाजले ते, तेव्हा विशी-एकविशीचे होते आणि कमांडच्या संशोधन विभागात हेच आकडे तपासत होते. लँकेस्टरची पुढची झडप २२ इंच रुंद, हॅलिफॅक्सची २४. पॅराशूट बांधलेल्या माणसाला अंधारात, गटांगळ्या खाणाऱ्या विमानात ते दोन इंच. झडप रुंद करा म्हणून विभागातले लोक मागे लागले. युद्ध संपेपर्यंत ते झालं नाही.

म्हणून मायनार्स्कीच्या विमानातले सहा वाचले ही दे ब्रेनचीही कामगिरी समजा. माणसं बाहेर पडेपर्यंत त्यानं जळतं विमान धरून ठेवलं.

---

कृष्णाकाठ | १० जून, सकाळी ११.३०

लेख चांगला आहे, पण मनात येतं ते बोलतो. १९४३ मध्ये बंगालमध्ये वीस-तीस लाख माणसं भुकेनं मेली. त्याच सरकारनं त्याच वर्षी ही विमानं उडवली. त्या माणसांची नावं कुठल्याही दगडावर नाहीत. साम्राज्याच्या सैनिकासाठी आपण मराठीत का गहिवरायचं? धागाकर्त्यांना दुखवायचा हेतू नाही. माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत साताऱ्याला भूमिगत होते. ते असते तर हेच विचारते.

---

उत्तरवारा | १० जून, संध्याकाळी ६.२०

कृष्णाकाठ, दुखावलो नाही. प्रश्न रास्त आहे आणि तुमच्या आजोबांना माझा नमस्कार.

माझ्यापुरतं उत्तर असं. बंगालचं धान्य कुठे जाईल हे ठरवणारी माणसं आणि विनिपेगच्या दुकानात कातडी कापणारा पोरगा यांना मी एका रांगेत उभं करू शकत नाही. त्याच्या आईवडिलांच्या पोलंडवर तेव्हा नाझींचा ताबा होता. तो साम्राज्यासाठी लढत होता की त्यासाठी, हे मी त्याच्या वतीनं सांगणार नाही. पण जळत्या विमानात तो मागे वळला तो ब्रॉफीसाठी. साम्राज्य त्या क्षणी तिथे नव्हतं.

बंगालची नावं दगडावर नाहीत हे तुमचं म्हणणं मला टोचलं. ते खरंच आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन. त्यासाठी हा बंद करायला नको.

आणि आपलेही होते त्यात. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर बॉम्बर कमांडच्या लँकेस्टरवर नॅव्हिगेटर होते, डीएफसी हे शौर्यपदक मिळालं, सुखरूप परतले. इकडे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन व्हेंजन्स बॉम्बर उडवत होत्या. दोघांचं विमान, पुढे पायलट, मागे दुसरा.

---

एल्बेकाठची | १० जून, रात्री ११.५०

मी हॅम्बुर्गला राहते. हा धागा वाचताना दोनदा बंद केला, पुन्हा उघडला.

जुलै १९४३ च्या शेवटी याच बॉम्बरांनी हे शहर जाळलं. उन्हाळा, कोरडी हवा, आगीचं वादळ झालं. ३५ ते ४० हजारांच्या घरात माणसं गेली, बरीचशी कामगार वस्तीतली. सेंट निकोलाई चर्चचा नुसता मनोरा उभा ठेवलाय, त्याखाली संग्रहालय आहे. माझी सासू तेव्हा चार वर्षांची होती. तिची आई तिला ओल्या चादरीत गुंडाळून पाण्याकडे पळाली. सासू आजही होळीचा व्हिडिओ बघत नाही. मी पहिल्या वर्षी हौसेनं दाखवायला गेले होते. ती उठून स्वयंपाकघरात गेली, तेव्हा मला कळलं.

मला मायनार्स्कीबद्दल वाईट वाटू नये असं नाही. मला फक्त एवढं हवंय की या धाग्यात तेही लिहिलेलं असावं.

इथे ओल्सडॉर्फ नावाची फार मोठी दफनभूमी आहे, बागेसारखी. त्या आगीतल्या हजारो लोकांना तिथे एकत्र पुरलंय, वरून पाहिलं तर क्रूसाच्या आकाराची जागा. मधोमध एक शिल्प : नावाडी मृतांना होडीतून पलीकडे नेतोय. आणि त्याच ओल्सडॉर्फच्या आवारात, चालत जाता येईल अशा अंतरावर, राष्ट्रकुलाच्या सैनिकांची दफनभूमी आहे. तिथे बॉम्बरमधून पडलेली मुलं आहेत. ज्यांनी टाकले ते आणि ज्यांच्यावर पडले ते, एकाच फाटकातून आत आलेले. सासूबाई दर नोव्हेंबरला क्रूसापाशी जातात. तीन वर्षांपूर्वी त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, तिकडेही जाऊ. गेलो. दगडांवरची वयं वाचली त्यांनी. "ही तर पोरं," एवढंच बोलल्या.

---

उत्तरवारा | ११ जून, पहाटे ५.१०

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं. सासूबाईंना नमस्कार सांगा.

---

तळ्याकाठी | ११ जून, दुपारी १.०५

मी नेदरलँड्समध्ये, अल्मेरला. आमचं सगळं शहर समुद्राच्या तळावर वसवलेलं आहे. पाणी उपसून जमीन काढताना इथे विमानं सापडायची, अजून सापडतात. जर्मनीकडे जायचा यायचा हवाई रस्ता हाच होता.

आमच्या शेजारच्या मार्करमेअर तलावातून २०२० साली एक स्टर्लिंग बॉम्बर वर काढलं. २००८ मध्ये एका बचावनौकेच्या नांगराला त्याचा तुकडा लागला होता. आधी भलत्याच विमानाचं नाव लागलं. नंतर एका सिगारेटच्या डबीवरची आद्याक्षरं आणखी पुराव्यांशी जुळवल्यावर कळलं की हे बीके ७१६, मार्च १९४३ मध्ये बर्लिनहून परतताना नाहीसं झालेलं. सातजण. डच सरकारनं ठरवलंय की ज्या विमानांत माणसांचे अवशेष असण्याची शक्यता आहे आणि जी काढता येण्यासारखी आहेत, ती एकेक करून काढायची. खर्च अफाट. मी ऑफिसात विचारलं, इतक्या वर्षांनी कशासाठी? सहकाऱ्याला प्रश्नच कळला नाही. "ते घरी गेलेले नाहीत अजून," म्हणाला.

चिखल एका बंदिस्त जागी आणून अक्षरशः चाळणीनं चाळला. अंगठीएवढी वस्तूही सुटू नये म्हणून.

---

क्रांजीवाट | ११ जून, रात्री ८.३०

इथे सिंगापूरला क्रांजीला जे स्मारक आहे त्याचा माथा विमानाच्या पंखासारखा आहे. खाली खांबांवर २४ हजारांहून जास्त नावं : भूदल आणि हवाई दलातले, ज्यांना कबर नाही असे. दक्षिण आणि आग्नेय आशियात कुठेही हवेत नाहीसे झालेले इथे कोरलेत. बंगालच्या धावपट्ट्यांवरून उडून रंगून, बँकॉकपर्यंत जाणारी लिबरेटर बॉम्बर, त्यातली न परतलेलीही. त्यांत आपल्याकडची नावंही आहेत, कित्येक. मी दर वेळी एकच खांब पूर्ण वाचतो. सगळे वाचून होतील तेव्हा सांगेन.

अवांतर : युद्ध संपल्यावर इंग्रजांनी कानपूरला लिबरेटर मोडून टाकून दिली होती. ती दुरुस्त करून घेऊन आपल्या हवाई दलानं १९६८ पर्यंत उडवली. त्यातलं एक पालमच्या संग्रहालयात आहे आणि एक चक्क ओटावाला. धागाकर्ते, तुमच्या देशात.

---

शमी | १२ जून, सकाळी ९.४५

बॉम्बरचं नाही, पण 'बेपत्ता' म्हटलं की मला तांबे आठवतात. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, ५ डिसेंबर १९७१, सुखोई-७ घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या तळावर हल्ल्याला गेले ते परतले नाहीत. पकडलेल्या वैमानिकांच्या यादीत त्यांच्या नावासारखं नाव पाकिस्तानी वर्तमानपत्रात छापून आलं होतं. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत शोधायला गेले, तेव्हाही काही हाती लागलं नाही. १९७१ चे असे ५४.

कबर असलेला मायनार्स्की त्या मानानं सुदैवी म्हणावा लागेल. त्याच्या आईला कुठे जाऊन बसायचं हे तरी ठाऊक होतं.

---

जुना तंत्रज्ञ | १२ जून, रात्री ९.२५

हे लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं.

लोहगावला मी कॅनबेरावर काम केलंय. आपल्याकडे ही बॉम्बर १९५७ ते २००७, पन्नास वर्षं होती. त्यातल्या बी(आय)-५८ या जातीत दोघं बसत. पायलट वर, काचेच्या घुमटाखाली, डावीकडे सरकून. नॅव्हिगेटर खाली नाकात. बॉम्ब टाकताना तो नाकातल्या काचेपाशी पालथा झोपायचा. पायलटला इजेक्शन सीट होती. नॅव्हिगेटरला नव्हती. त्यानं उठायचं, पॅराशूट बांधायचं, बाजूच्या दारापर्यंत यायचं आणि उडी मारायची. कमी उंचीवर, गोळा लागलेल्या विमानात. म्हणजे काय ते समजा.

२१ सप्टेंबर १९६५. पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या तळावर हल्ला करून कॅनबेरा परतत होती. पाकिस्तानच्या एफ-१०४ लढाऊ विमानानं क्षेपणास्त्र मारलं. पायलट फ्लाइट लेफ्टनंट लोव इजेक्ट झाले, पकडले गेले, नंतर परत आले. नॅव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर के. के. कपूर गेले. दोन दिवसांनी युद्धबंदी झाली.

माझ्या नोकरीच्या आधीची गोष्ट ही, मी कपूरसाहेबांना पाहिलेलं नाही. पण हँगरमध्ये नवीन पोरगा आला की जुने सार्जंट त्याला नाकातली ती जागा दाखवायचे आणि हे सांगायचे. मग ती काच पुसायला द्यायचे. मीही पुशी. आतून, पालथा झोपून. त्या जागेत शिरलं की पहिल्यांदा मागे दार किती लांब आहे तेच बघितलं जातं.

विमान निघताना मी कित्येकदा दाराशी उभा असे. पायलट आपल्या कामात असायचा. नॅव्हिगेटर मात्र आत जाताना आमच्याकडे बघायचे, बहुतेक सगळेच. एक साहेब दरवेळी माझ्या खांद्यावर दोनदा थोपटायचे. त्या सॅल्यूटचं वाचलं आणि ते थोपटणं आठवलं. ते सुखरूप निवृत्त झाले, त्यांचं ठीक आहे.

माझं म्हणणं एवढंच की साक्षीदार विमानातच असतो असं नाही. जमिनीवरचाही असतो. इंग्लंडच्या त्या तळांवर मेकॅनिक पहाटे रिकाम्या जागेपाशी सायकल टेकवून उभे राहत, आपलं विमान येईपर्यंत. त्यांची नावं कुणी विचारली नाहीत.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्याग चक्राच्या भिंतींवर एकेका विटेवर एकेकाचं नाव आहे. मुलाकडे गेलो की जातो. ग्रॅनाइट उन्हात तापतं, तरी नावावरून बोट फिरवतो.

---

पिंपळपान | १२ जून, रात्री १०.०२

काका, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आत्ता कुठे पूर्ण कळलं.

---

कृष्णाकाठ | १२ जून, रात्री ११.१५

जुना तंत्रज्ञ यांना प्रणाम. माझा आक्षेप आहे तिथेच आहे, बंगालवरचा धागा उद्या काढतो. पण एल्बेकाठच्या ताईंच्या सासूबाईंचं 'ही तर पोरं' मला दोन दिवस सोडत नाहीये.

धागाकर्ते, मायनार्स्कीची कबर नेमकी कुठे आहे?

---

उत्तरवारा | १३ जून, पहाटे ४.३०

उत्तर फ्रान्समध्ये, मेआरीकूर नावाच्या खेड्यात. आमियाँच्या पूर्वेला. गावच्याच स्मशानभूमीत. मिडलटन सेंट जॉर्जला त्याचा पुतळा आहे, सॅल्यूट करतानाचा. विनिपेगमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे, मॅनिटोबात तळी आहेत. कबरीवर मी गेलेलो नाही. एकदा जायचं आहे.

---

लीलवासी | १३ जून, सकाळी ६.५० (फ्रान्स)

आजवर नुसती वाचत होते, पहिल्यांदाच लिहितेय. मी लीलला शिकते. मेआरीकूर इथून गाडीनं दीड तास. आज मला सुट्टी आहे. जाते.

---

लीलवासी | १३ जून, रात्री ९.१५ (फ्रान्स)

जाऊन आले.

सपाट शेतं, बीट आणि गहू. गाव इतकं लहान की स्मशानभूमी शोधावी लागली नाही. आत गावातल्या लोकांच्या कबरी, त्यांवर चिनीमातीची फुलं, आणि एका बाजूला पांढऱ्या दगडांच्या ओळी. चाळीसच्या आसपास. मला वाटलं होतं त्याच्या दगडाभोवती काहीतरी वेगळं असेल. व्हिक्टोरिया क्रॉस कोरलेला आहे, बाकी दगड इतरांसारखाच, त्याच उंचीचा. मी लीलहून पांढरी शेवंती नेली होती. इथे ती कबरींवरच वाहतात, म्हणून बरीच मिळाली. एक त्याच्यापुढे ठेवली आणि मग काय करावं कळेना.

पलीकडे एक म्हाताऱ्या बाई नवऱ्याच्या कबरीवरच्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी विचारलं, कॅनडाहून आलीस का? म्हटलं, नाही, भारतातून. कुणी नातेवाईक? म्हटलं, नाही. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. झारी नळावर पुन्हा भरली आणि माझ्या हातात दिली.

उत्तरवारा, तुम्ही 'इतर' म्हणालात ना. मी पहिल्या दगडापासून सुरुवात केली. प्रत्येकापाशी थांबून नाव मोठ्यानं वाचलं, पायथ्याच्या रोपांना पाणी घातलं. काही उच्चार चुकले असतील. झारी चार वेळा भरावी लागली. शेवंती संपली तेव्हा अकरा दगड राहिले होते, त्यांच्यासाठी त्या बाईंनी आपल्या कुंडीतले जिरेनियम तोडून दिले.

फोटो उद्या टाकते, सगळ्यांचे.